बेने इस्रायलांची घरगुती कागदपत्रे आणि मराठीचा अभ्यासक

बेने इस्रायल समाजाची उत्पत्तिकथा हरवलेल्या ग्रंथांपासून सुरू होते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बरोबरचे धर्मग्रंथ आणि सामानसुमान समुद्रात गेले, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना मात्र मुखोद्गत राहिली, असे ही परंपरा सांगते. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून या समाजाच्या पूर्वजांत मध्यपूर्वेकडील आणि भारतीय अशा दोन्ही धारा असल्याचे दिसून आले. परंतु असे संशोधन समाजाविषयी बोलते, घराविषयी नाही. अमुक घराण्यातील पणजी कोणत्या गावाहून सासरी आली, तिचा भाऊ कोणत्या पलटणीत होता, पटकीच्या साथीत कोण दगावले, हे सांगण्यास पत्रे आणि छायाचित्रेच लागतात. प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो या घरगुती साधनांचा. आणि तोही मराठी साहित्याचे अध्यापक म्हणून, कारण ही साधने बव्हंशी मराठीत आहेत.

माळशिरस तालुक्यात, पालखीच्या वाटेवरील नातेपुत्यात बसून ज्यू घराण्यांच्या कागदपत्रांविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. तथापि घराण्याचा इतिहास कोणी जपावयाचा, हा प्रश्न आमच्या भागास अपरिचित नाही. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून कुळांची वंशावळ सांगत आले. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे उतरलेली असतात. म्हणजे स्वतःचे कागद न जपणाऱ्या कुणब्याचा वा धनगराचाही वंश कोठेतरी लिहिलेला किंवा पाठ केलेला असे. जपण्याचे काम समाजाने दुसऱ्यावर सोपविलेले होते. बेने इस्रायलांना हेळवी नव्हता आणि तीर्थोपाध्यायाची वहीही नव्हती. विवाहाचा करारनामा, कबरीवरील शिलालेख, आणि घरातील पेटीत ठेवलेली पत्रे व तसबिरी, एवढीच त्यांची वही.

या समाजाची थोडक्यात ओळख करून देणे आवश्यक आहे. कोकणातील खेड्यांत तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावावरून आडनाव घेण्याची कोकणची रीत त्यांनीही स्वीकारली. पेणकर, दिवेकर, अष्टमकर, केहीमकर, चेऊलकर ही नावे ऐकून कोणाही मराठी माणसास ती आपलीच वाटतील. अठराव्या शतकापासून ते मुंबईत आणि कंपनीच्या पलटणींत शिरू लागले. सामाजी हसाजी दिवेकर या सैनिकाने टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधविले. पुढे रेव्हदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे, पुणे येथेही प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १८८० साली बेंजामिन अष्टमकर यांच्या पुढाकाराने कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन झाले, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात गायिली जाऊ लागली. पालखीच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हांस या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

कागद जपला गेला तर काय होते, याचे उदाहरण याच समाजात आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर हे मुंबईतील इस्रायली शाळेचे एक संस्थापक. ही शाळा १८७५ साली सुरू झाली. त्यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. गावोगावच्या परंपरा, सण, नावे, आडनावे, चालीरीती यांचा असा संग्रह त्यापूर्वी कोणी केला नव्हता. हे हस्तलिखित चाळीस वर्षे अप्रकाशित राहिले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीव येथे छापले गेले. मधल्या काळात ते गहाळ झाले असते, तर आज बेने इस्रायलांविषयी लिहिणाऱ्या कोणाही अभ्यासकाच्या हाती निम्मेही साधन उरले नसते.

दुसरे उदाहरण आमच्या भागालगतचे आहे. आटपाडी महाल ज्या औंध संस्थानात मोडत असे, त्या संस्थानाचे कारभारी म्हणून खानबहादुर जेकब बापूजी इस्रायल यांनी काम पाहिले. संस्थानी कारभाराच्या इतिहासात अशा माणसाचा उल्लेख हुद्द्यापुरता येतो. परंतु पुढे बी. जे. इस्रायल या अभ्यासकाने १९६० साली आपल्या घराण्यातील या पुरुषाचे व्यक्तिचित्र लिहून प्रसिद्ध केले. कारभारी हा दप्तरात सापडतो. माणूस मात्र घरच्यांनी लिहून ठेवला तरच सापडतो.

ही दोन्ही घराणी लिहिणाऱ्यांची होती. ज्या असंख्य घरांत कोणी ग्रंथकार नव्हता, तेथे पत्रे आणि छायाचित्रे एवढेच लेखन. १९४८च्या सुमारास भारतातील बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत वसले. २०११च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची मिळून संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, तेव्हा राज्यात हा समाज काही हजारांवर येऊन ठेपला होता.

युरोपातील ज्यू घराण्यांची कागदपत्रे नष्ट झाली ती संहाराने. वॉर्सा येथील कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रे, दैनंदिन्या, छायाचित्रे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवली; त्यांतील काही १९४६ साली आणि काही १९५० साली हाती लागली. महाराष्ट्रात असे काही घडले नाही. येथे ज्यूंचा छळ झाला नाही, ही गोष्ट हा समाज स्वतःच अभिमानाने सांगत आला आहे. त्यांचे कागद जाळले गेले नाहीत. ते बोटीतून आणि विमानातून सुखरूप गेले, पेट्यांतून कपाटांत गेले, आणि तेथे हळूहळू मुके झाले. आजोबांची पत्रे मराठीत, नातवंडांची भाषा हिब्रू. त्यांतही जुनी पत्रे मोडीत असतील तर महाराष्ट्रात राहिलेल्या नातलगासही ती वाचता येत नाहीत.

येथे इतिहासाने केलेला एक उलटा फेरा लक्षात घेण्याजोगा आहे. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्रायल विद्यार्थ्यांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा 'हग्गादा' हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशा जोडरूपात निघाला. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसून जमिनीवर बसल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात हिब्रूपर्यंत जाण्यासाठी या समाजाने मराठीचा पूल वापरला. आज त्याच समाजाच्या वंशजांना आपल्या पणजोबांपर्यंत जाण्यासाठी मराठीचा पूल हवा आहे, आणि तो त्यांच्याकडे नाही. १९८०च्या दशकात नोहा मस्सिल यांच्या पुढाकाराने इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघू लागले, यामागे ही जाणीव असली पाहिजे. परंतु नियतकालिक वाचणारी पिढी भारतात शिकलेली होती; आम्ही ज्यांच्याविषयी बोलत आहोत ती त्यानंतरची.

घराण्याचा इतिहास ही केवळ हौसेची बाब आहे असे कोणास वाटत असेल, तर १९६२ ते १९६४ या वर्षांकडे पाहावे. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने १९६२ साली विवाहनोंदणी करणाऱ्यांना एक निर्देश दिला. बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह समाजाबाहेरील ज्यू व्यक्तीशी होत असेल, तर तिची आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्या यांची शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी, असा त्याचा आशय होता. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्या समाजाला आपल्या आजीची आई ज्यू होती हे दाखवून द्यावे लागणार होते. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, इस्रायलच्या संसदेने समाजाची बाजू उचलून धरली, आणि धर्मपीठास निर्देशात बदल करावा लागला. हा लढा तत्त्वाचा होता आणि तो तत्त्वावरच जिंकला गेला. तरीही त्यातून एक गोष्ट उघड झाली. मातृकुळाचा माग हा ज्यू घराण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि कागदोपत्री सर्वांत पुसट. पुरुषाचे नाव पलटणीच्या पटावर, कचेरीच्या दप्तरात, प्रार्थनामंदिराच्या वहीत सापडते. आईची आई सापडते ती पत्रांत.

आणि नेमके येथेच मराठीचे मोल कळते. एखाद्या जुन्या पत्रात 'मावसबहीण आली होती' असे वाक्य असेल, तर त्यातून मातृकुळाचे एक नाते सिद्ध होते. 'आतेबहीण' असेल तर ते नाते वडिलांच्या बाजूचे. 'मामेबहीण' असेल तर आईच्या भावाच्या घरचे. 'चुलतबहीण' असेल तर चुलत्याच्या घरचे. इंग्रजी भाषांतरात या चौघी एका शब्दात कोंबल्या जातात. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींनाही हिब्रूत सामान्यतः एकच शब्द पुरतो. म्हणजे पत्राचे भाषांतर करून मूळ पत्र टाकून दिले, तर ज्या माहितीसाठी ते जपावयाचे तीच माहिती हरवते. मराठीची नातेसंज्ञा हा येथे भाषेचा अलंकार राहत नाही. तो पुरावा ठरतो.

नावांची गोष्टही अशीच आहे. जुन्या बेने इस्रायलांनी बायबलमधील नावे मराठी वळणाने वापरली. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझिकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, एलायजाचा एलोजी, मोझेसचा मुसाजी. पुढे इंग्रजी शिक्षणानंतर आडनाव गाळून स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे नाव लावण्याची रीत अनेक घरांत पडली. इस्रायलमध्ये गेल्यावर काहींनी हिब्रू रूपे घेतली. त्यामुळे एकच माणूस पत्रात एका नावाने, नोकरीच्या दाखल्यावर दुसऱ्या नावाने आणि कबरीवर तिसऱ्या नावाने भेटतो. यंत्राने केलेली सूची त्यास तीन माणसे समजेल. पत्राचा मायना, लिहिणाऱ्याचे वळण, गावाचा उल्लेख आणि नात्याचा शब्द यांचा मेळ घालूनच ही तीन नावे एका माणसाची आहेत हे ठरविता येते. पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना जे शिकवितो, ते हेच.

तिथीविषयी तर अधिकच दक्षता हवी. केहीमकरांनी नोंदविलेल्या जुन्या सणांच्या नावांत 'नव्याचा सण' म्हणजे ज्यूंचा वर्षारंभ, 'दारफाळणीचा सण' म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, 'बिरड्याचा रोजा' म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन, आणि 'होळीचा सण' म्हणजे पुरीम. पुरीम आणि होळी दोन्ही पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा फाल्गुनाच्या आसपास येतात. म्हणून हे नाव रुळले असावे. परंतु ज्यूंच्या पंचांगात अधिक मास वेगळ्या वेळी येत असल्यामुळे काही वर्षी या दोहोंत महिन्याचे अंतर पडते. वरच्या कोपऱ्यात तारीख नसलेल्या पत्रात 'होळीच्या सणाला येतो' असे असेल, तर कोणती होळी हे ठरविल्याशिवाय पत्राचा काळ ठरणार नाही. बिरडे ही वालाची उसळ कोकणातील घराघरांत होते. तिच्यावरून जेरुसलेमच्या शोकाला नाव मिळाले, यात या समाजाचा सारा इतिहास साठलेला आहे, पण तो वाचण्यास बिरडे ठाऊक असावे लागते.

छायाचित्रांकडे वळू. १८५०च्या दशकात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे घेतली. त्यांत बेने इस्रायलांचेही आहे. तेथे समाजाचे नाव छापलेले आहे, माणसांची नावे नाहीत. पाहणाऱ्याला नमुना हवा होता, व्यक्ती नको होती. घरगुती छायाचित्र याच्या नेमके उलट असते. तेथे समाजाचा उल्लेख नसतो. मागे पेन्सिलीने 'आई, धाकटी आत्या, मी' असे लिहिलेले असते, किंवा काहीच लिहिलेले नसते, कारण घरातील सर्वांना माहीत असते. सर्वांना माहीत असणे हाच अशा छायाचित्राचा शत्रू. जाणणारी शेवटची व्यक्ती गेली की नऊवारी नेसलेली, मंगळसूत्र ल्यालेली ती स्त्री कोणत्याही मराठी घरातील असू शकते. तिचे ज्यू असणे, तिचे पनवेलचे वा पुण्याचे असणे, तिचे कोणाची तरी आजी असणे एकदमच पुसले जाते. जॉन्सनच्या छायाचित्रात समाज उरला आणि माणूस गेला. बिननावाच्या घरगुती छायाचित्रात दोन्ही जातात.

या संदर्भात कैरोच्या 'गेनिझा'चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करू नये, या ज्यूंच्या श्रद्धेमुळे कैरोतील एका प्रार्थनामंदिराच्या कोठडीत शतकानुशतके कागद साठत गेले. १८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील मोठा भाग केंब्रिजला नेला. त्यांत भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे निघाली. बाराव्या शतकात मंगळूर येथे अनेक वर्षे राहिलेल्या अब्राहाम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रेही त्यांत आहेत. ती केवळ टिकली म्हणून इतिहास झाली नाहीत. हिब्रू लिपीत लिहिलेली ती अरबी वाचू शकणारे एस. डी. गॉइटाइन यांच्यासारखे अभ्यासक त्यांना लाभले, म्हणून ती बोलू लागली. जपणे हे श्रद्धेचे काम असेल, पण वाचणे हे विद्येचे काम आहे. बेने इस्रायलांच्या कागदांना गॉइटाइन मिळावयाचा असेल, तर तो मराठी विभागांतूनच यावा लागेल.

प्रत्यक्षात काय करता येईल, याविषयी काही सांगणे उचित होईल. पत्र मिळताच त्याचे पाकीट वेगळे करून टाकू नये. टपालाचा शिक्का हा पुष्कळदा पत्रापेक्षा नेमका कालदर्शक असतो. घडीवर फाटू लागलेल्या आंतरदेशीय पत्राला चिकटपट्टी लावू नये, आणि जुन्या कागदास प्लॅस्टिकचे आवरण वितळवून बसवू नये; दोन्ही उपाय परत फिरविता येत नाहीत. पुठ्ठ्यावर डकविलेले छायाचित्र उखडू नये, कारण पुठ्ठ्यावर छापलेले स्टुडिओचे नाव आणि गाव हाच अनेकदा एकमेव धागा असतो. छायाचित्राची प्रत काढताना पाठीचीही प्रत काढावी. मागे नावे लिहावयाची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, डावीकडून उजवीकडे क्रमाने. पत्राचे आधी अक्षरशः लिप्यंतर करावे, मूळचे अशुद्धलेखन तसेच ठेवावे, आणि मगच भाषांतर. भाषांतरात नात्याचा मराठी शब्द जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ पुढे उलगडावा. वृद्ध माणूस छायाचित्र पाहत असताना जे बोलतो ते ध्वनिमुद्रित करावे. त्याला प्रश्न विचारले असता जे आठवत नाही, ते चित्र पाहून आठवते.

एम. ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान शिकविताना नातेसंज्ञांचा तक्ता आम्ही फळ्यावर काढतो, आणि मोडीचे प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी पुढे त्या लिपीचा उपयोग काय असे विचारतात. या दोहोंना एक काम आहे. मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड येथील उरलेल्या घरांत, तसेच इस्रायलमधील अनेक घरांत अशी पत्रे असतील. त्यांची छायाचित्रे आज समुद्रापलीकडून क्षणात येऊ शकतात. नातेपुत्याच्या विद्यार्थ्याने दिमोनाच्या नातीला तिच्या पणजीचे पत्र वाचून दाखवावे, यात तांत्रिक अडचण काहीच उरलेली नाही. अडचण आहे ती आमच्या अभ्यासक्रमाच्या कल्पनेची. आम्ही मराठी वाङ्मयेतिहासात महानुभावांचे, ख्रिस्ती मिशनऱ्यांचे, मुसलमान संतकवींचे गद्यपद्य शिकवितो. बेने इस्रायलांच्या हग्गाद्याला, कीर्तनाला आणि पत्रांना त्यात फारशी जागा मिळालेली नाही. ती द्यावयाची तर छापील ग्रंथांबरोबर या घरगुती लेखनाचाही विचार करावा लागेल, आणि तो लवकर करावा लागेल. कारण भारतात शाळा शिकून गेलेली, मराठी हस्ताक्षर ओळखणारी पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. छायाचित्रातील आत्या कोणती आणि मावशी कोणती, हे आज तीच सांगू शकते.